आडव्या पिस्टनची वरची बाजू

निघोजे, मंगळवार

आदरणीय दौलतराव उस्ताद,

अजिमचा सलाम. आम्ही सगळे ठीक. तुमची तब्येत विचारत नाही, कारण कुसुमताईंनी शाहीनला (म्हणजे आमच्या घरातल्या मुख्य वार्ताहराला) सगळं सांगितलं आहे. खुब्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले, तुम्ही पाठीवर पडून आहात, कूस बदलायला कुणाला हात लावू देत नाही, आणि पाठीला जखमा होतील असं डॉक्टरांनी बजावलं आहे. त्या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाही. (फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणून कट करता. पत्र कट करता येत नाही.)

लिहायचं आहे ते आपल्या कंपनीतल्या जुन्या कंप्रेसरबद्दल. कोणती बाजू वर आहे ते कळावं म्हणून पिस्टनच्या दांड्यावर तुम्ही केलेली लाल खूण खंडेनवमीच्या साफसफाईत कुणीतरी रॉकेलने पुसली. वर झेंडूचा हार घातला, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. परवा पिस्टन फिरवायची वेळ आली तेव्हा शेजारी समर्थ होता. हा नवा इंजिनिअर (हिंजवडीहून कॅबने येतो, म्हणजे बहुतेक वेळा वाटेतच असतो). त्याला मी तुमचीच शिकवणी ऐकवली. उभा पिस्टन वरखाली होतो, त्याचा भार एकाच अंगावर पडत नाही. आडवा मात्र कपाटातल्या खणासारखा पुढेमागे सरकतो आणि स्वतःच्या वजनाने सदा खाली टेकलेला असतो. खालचं अंग झिजतं, वरचं कोरं राहतं, म्हणून ठरावीक तासांनी त्याला अर्धा फेरा द्यायचा. मग आडवा बसवतातच कशाला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बुटका राहतो, आणि दोन समोरासमोर बसवले की एकमेकांचे हादरे मारतात. मोठ्या कंप्रेसरमध्ये, पिठाच्या गिरणीच्या जुन्या इंजिनात, काही मोटारसायकलींतही सापडेल. त्याने हे सगळं मोबाइलमध्ये उतरवून घेतलं, आणि मला फार विद्वान झाल्यासारखं वाटलं.

त्या विद्वत्तेच्या भरात पिस्टनवरून बोट फिरवून बघायचं राहिलं, आणि झिजलेली बाजू पुन्हा खालीच बसली. दोन दिवसांत मशीन घासायला लागलं. समर्थ लॅपटॉप बघून म्हणाला, “काका, याचं आयुष्य संपलं, भंगारात काढू.” जेवणाच्या सुट्टीत हेल्पर किसनला सोबत घेऊन मी ते उघडलं, अर्धा फेरा दिला, बंद केलं. आता आवाज नाही. मशीन आपोआप सुधारलं अशी समर्थची समजूत आहे.

ताईंना नमस्कार.

आपला,
अजिम

ता.क. ‘कुणीतरी’ म्हणजे मीच. पंधरा वर्षं तुमच्या हाताखाली काढून ही अक्कल. समर्थला उद्या सांगणार आहे.

ता.क. दुसरा. तुमच्या पाठीची मला भीती वाटते, उस्ताद. गुरुवारी सुट्टी आहे, पहिल्या एसटीने भूमला तुमच्या घरी येतोय. ताई आणि मी मिळून तुम्हाला कुशीवर करणार. लाल रंगाची डबी सोबत आणतोय. या वेळी खूण मी करीन, आणि पुसू देणार नाही.