दक्षिणेची भिंत

८ ऑक्टोबर
समोरच्या बंद गिरणीच्या जागेत आज आणखी एक स्लॅब पडला. ह्यांची कॉट उत्तरेच्या खिडकीशी ओढली तेव्हापासून दिवसभर तेच बघणं चाललंय. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात गेला, मराठी गेली. कानडी तेवढी थोडी राहिलीय. अंग पुसायला येणाऱ्या सिस्टरला डाव्या बोटानं टॉवर दाखवतात, "नम्म मल्लू." आमच्या मल्लूनं, लेकानं, नकाशा काढलाय त्याचा, हे पुढं मी जोडायचं. ती म्हणाली, "आजोबा, लई उंच हाय की!" तर असे हसले! आजारी पडल्यापासून हसलेच नव्हते. बी.पी. बरं.

२७ ऑक्टोबर
"किटकी यावाग?" सकाळपासून हेच. खिडक्या कधी? आमच्या बाजूची भिंत नुसती कोरी चढतेय. म्हटलं, आधी भिंत, मग खिडक्या फोडतील. जन्मभर भुसार दुकानाच्या गल्ल्यावर बसून येणारी-जाणारी माणसं बघितली ह्यांनी. आता पडल्या पडल्या समोर चार माणसं दिसावीत, एवढंच मागणं. दुसरं काय मागतायत बिचारे.

२ नोव्हेंबर
मल्लूला पुण्याला फोन केला. म्हणे, "आई, त्या बाजूला लिफ्ट, जिना, पाइपा. आणि बिल्डर शेठच्या वास्तूवाल्यानं सांगितलंय, दक्षिणेला भोक ठेवायचं नाही. खिडक्या नाहीतच तिकडं."
दक्षिण यमाची म्हणे! म्हणजे त्यांनी यमाकडं पाठ केली आणि ती पाठ आमच्या तोंडावर.
"अरे, तुझा बाप झोपलाय हितं."
मग म्हणतो, "ड्रॉइंगवर आपलं घर नुसता चौकोन होता गं. शेजारची इमारत. लक्षातच आलं नाही."
कौतुकानं पेढे वाटले होते मी ह्या कामाचे! रडू आलं. आमटीत मीठ दोनदा पडलं.
ह्यांना काही सांगितलं नाही. धीरच होईना.

१५ जानेवारी
मल्लू गड्ड्याच्या यात्रेला म्हणून आला. चौदाच्या चौदा मजले उभे राहिले. खिडकीतून दिसायचं ते लिंबाचं झाड गेलं, क्रिकेटची पोरं गेली, शेळ्या गेल्या. वर आभाळाची पट्टी तेवढी, तीही मान वाकडी केली तर. ह्यांनी मल्लूकडं बघून विचारलं, "किटकी?"
"होतील अप्पा. पुढच्या महिन्यात."
स्वयंपाकघरात जेवताना धरला त्याला. "खोटं का बोललास रे?"
"मग काय सांगू? तूच सांग की."
अर्धी शेंगापोळी ताटात टाकून उठला. यात्रेला कोणीच गेलो नाही.

९ मार्च
गच्चीवरून दोराचा पाळणा सोडून रंगारी भिंतीवर उतरलेत. शेठला मल्लूनं काय सांगून पटवलं देव जाणे. करड्या रंगावर पांढऱ्या चौकटी, आत निळी तावदानं. खालपासून वरपर्यंत खिडक्याच खिडक्या, रंगवलेल्या! रागावू का काय करू, कळेना. नुसती बघत उभी राहिले.
ह्यांची नजर अधू. ह्यांना खऱ्याच वाटल्या. माझा हात धरून दाबला.
"बघा, केल्या की तुमच्या मल्लूनं," म्हटलं. तोंडातून गेलं खरं...

२२ मार्च
उकाडा सुरू. ती भिंत तापते आणि झळ आमच्या खोलीत.
दिवस मावळला की, "बेळकु?" उजेड. त्या खिडक्यांत दिवे लागायची वाट बघतात. खोलीतला दिवा लावला तर हात हलवून बंद करायला लावतात, बाहेरचं नीट दिसत नाही म्हणून. अंधारात बसतो दोघं. "माणसं राहायला आली नाहीत अजून," म्हणते मी. किती दिवस म्हणणार? जेवण दोन घासांवर आलंय. डॉ. म्हणाले, मन कशात तरी रमवा.

२९ मार्च
मल्लूला ठणकावलं. "तू ये, तूच सांग. माझ्यानं होत नाही आता."
"फोनवर बोलू का अप्पांशी?"
"फोनवर न्हाय. समोर बसून."
शेवटी व्हय म्हणाला.

५ एप्रिल, रविवार
मल्लू सकाळच्या गाडीनं आला. चहा न घेता सरळ ह्यांच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं. मी कणीक मळत बसले, कान तिकडंच. बऱ्याच वेळानं बाहेर आला. डोळे लाल.
"सांगितलंस?"
"सांगणारच होतो गं. त्यांनीच हात धरला. नम्दु यावुदु, म्हणाले."
आपली खिडकी कुठली.
"मग?"
"पाचव्या मजल्यावरची दाखवली."
हात उगारला मी. एवढ्या मोठ्या पोरावर. त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि खाली घेतला.
जेवणं झाल्यापासून ह्यांचं उठून बसणं चाललंय. "होस अंगी," म्हणतात. नवा सदरा पाहिजे. तिकडं राहायला जायचंय ह्यांना. दोन घास जास्त जेवले आज.
मल्लूनं संध्याकाळची गाडी सोडली. बाहेर पायरीवर बसलाय, आत यायला तयार नाही. आतून हाका चालूच.
सदऱ्याला इस्त्री केलीय मी. घालू का नको...