दुपारचा खेळ

१७ मार्च, सोमवार

आले एकदाची सोलापूरला. दोन बॅगा, गादीची वळकटी आणि जुन्नरहून निघताना आईनं बळंच दिलेला कुकर, एवढा संसार. विमा कंपनीच्या ऑफिसात हजर झाले, टेबल खिडकीजवळ मिळालं. खोली जुळे सोलापुरात, शकुंतलाबाईंच्या घरावर. वर मी, खाली त्या एकट्या. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे सगळी कॉलनी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. माझं सामान उतरवणारा रिक्षावालाही त्यांच्या पाया पडला आणि आपण नापास झालो होतो हे हसत सांगून गेला.

बाईंचा मुलगा बंगळुरूला असतो. त्यानं हॉलमध्ये प्रोजेक्टर बसवून दिलाय आणि दर रविवारी दुपारी तिथं सिनेमावेड्यांची बैठक भरते. फक्त भुताचे आणि लढाईचे सिनेमे. मला कुठले आवडतात असं बाईंनी विचारलं. भुताचे म्हटल्यावर इतक्या खूश झाल्या की रात्रीची भाकरी आणि शेंगाची चटणी वर पाठवून दिली.

२३ मार्च, रविवार

आज पहिला खेळ. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. पडदे ओढले, कूलरमध्ये पाणी भरलं. आम्ही चौघं. आबासाहेब मंद्रूपचे, फौजेतून निवृत्त, स्कूटरवर येतात आणि येताना शेतातलं काही ना काही आणतात. आज कांद्याची पात. यशपाल कुर्डुवाडीचा, रेल्वेत नोकरीला, माझ्याच वयाचा. लहानपणी दोन वर्षं बाईंच्या वर्गात होता, म्हणून अजून रविवारच्या गाडीनं येतो.

नियम एकच. सिनेमा संपला की चहा, आणि प्रत्येकानं मत सांगायचं. ‘छान होता’ म्हणायला बंदी.

आजच्या सिनेमात लिफ्टमध्ये मेलेली नवरी होती. बाईंना आवडली, कारण तिला गाऱ्हाणं होतं. बिनगाऱ्हाण्याचं भूत त्यांना चालत नाही. आबासाहेब म्हणाले, दर मजल्याला थांबून दात विचकती, काय कामधंदा हाय का न्हाय तिला. यशपालचं म्हणणं, संगीत आधीच चहाडी करतं, खरी भीती बिनसंगीताची असते. मी म्हटलं, भुताची सगळी हकिगत कळली की ते भूत राहत नाही, नातेवाईक होतं. यशपाल इतका हसला की त्याचा चहा बशीत सांडला.

३० मार्च, रविवार

पाडवा. श्रीखंडपुरी खाऊन लढाईचा सिनेमा पाहिला. बर्फातलं ठाणं, वेढा, शेवटी एकच जवान परत येतो. पत्राच्या प्रसंगाला यशपाल रडला आणि रडलो म्हणून सांगितलंही. मला तो आवडला त्यासाठी. (सिनेमा नव्हे.)

आबासाहेबांना काहीच पटलं नव्हतं. यातला एकपण माणूस मरताना पाणी मागत नाही, असं ते म्हणाले. मग कप खाली ठेवला. म्हणाले, सिनेमातला मेला की मेला. खऱ्या लढाईत काहींना ते कळतच न्हाय. बाईंनी विषय बदलला.

१३ एप्रिल, रविवार

उद्या जयंती, म्हणून यशपाल आला नाही. मिरवणुकीच्या तयारीत आहे. फोनवर निळ्या झेंड्यांचे फोटो पाठवले. गेल्या रविवारी रिक्षास्टॉपपर्यंत बरोबर चाललो होतो. म्हणाला, तू मत सांगताना समोरच्याचं तोंड पाहत नाहीस, ते बरं वाटतं. त्याच्याशिवाय आज वाद रंगला नाही. बाईंना कळलंय असं वाटतं. चहा देताना माझ्याकडे बघून उगाच हसल्या.

२० एप्रिल, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते.

यशपाल उशिरा आला. दार कुणी उघडलं आठवत नाही. सिनेमा चालू असताना वळून पाहिलं तर तो त्याच्या खुर्चीत होता. चेहरा लालभडक, ओठ सुकलेले. लई ऊन आहे, म्हणाला. मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला.

सिनेमा संपला. तो मत सांगत होता, बुडणाऱ्या बोटीवरच्या खलाशाचं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. फोनच्या पडद्यावर नाव होतं, यशपाल. बाई हसल्या आणि फोन कुठं विसरून आलास म्हणाल्या. त्यानं खिसे चाचपले. घरीच राहिला वाटतं, म्हणाला.

कूलरच्या आवाजात ऐकू येईना म्हणून बाई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी कप घेऊन मागोमाग. फोनवर यशपालचा धाकटा भाऊ दीपक होता.

“बाई, दादा शुक्रवारी गेला. लग्नाहून येताना ऊन लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नाही. काल सगळं उरकलं. तुम्हाला कळवायचं राहून गेलं.”

हॉलमधून यशपालचा आवाज येत होता. खलाशानं उडी मारायला नको होती, असं तो आबासाहेबांना पटवत होता.

बाईंनी ओटा घट्ट धरला. मग तोंडावरून पदर फिरवला आणि बाहेर गेल्या. कुणाचा होता, त्यानं विचारलं. दीपकनं चुकून लावला, बाई म्हणाल्या. तो हो म्हणाला आणि मत पुरं केलं. गाडीची वेळ झाली तसा उठला, सगळ्यांना येतो म्हणाला आणि रस्त्याच्या मधोमध चालत गेला.

ग्लास काठोकाठ भरलेला होता. मी खुर्ची सरकवायला गेले आणि हात झटकन मागे घेतला. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटसारखी तापली होती.

२१ एप्रिल, सोमवार

काल तो गेल्यावर बाईंनी फोनचं सांगितलं, म्हणून आज आबासाहेब कुर्डुवाडीला जाऊन आले. खरं आहे. फोटोला हार आहे. त्याची आई बोलत नाही.

मग त्यांनी सांगितलं. वर सरहद्दीवर असताना त्यांच्या तुकडीतला एक जवान मेल्यावरही जेवणाच्या रांगेत येऊन उभा राहायचा. सगळे गप्प राहायचे. एका हवालदाराला दया आली, त्यानं सांगून टाकलं. तर त्या पोरानं शांतपणे विचारलं, मग आता जायचं कुठं? हवालदार उठला आणि त्याच्याबरोबर चालायला लागला. सकाळी हवालदार खडकाला टेकून बसलेला सापडला, संपलेला.

“सिनेमातलं भूत भ्या दाखवायला येतं. खरं येतं ते वाट इचारायला. जो सांगंल त्यालाच वाट दावाय जावं लागतं. तवा तुमी दोघीबी गप ऱ्हावा.”

ठरलं. बोलायचं नाही. भुताचे सिनेमे बंद.

२७ एप्रिल, रविवार

दाराला कुलूप लावू म्हटलं. बाई म्हणाल्या, माझा विद्यार्थी आहे.

आला. खुर्चीत होता. दार वाजलंच नाही.

आम्ही लढाईचा सिनेमा लावला, त्यातल्या त्यात कमी माणसं मरणारा. पण मेलेले येतच होते. दर प्रेताला बाईंची बोटं पदरात वळायची. तो मात्र मन लावून पाहत होता. मत सांगताना म्हणाला, शेवट खोटा आहे. माणूस परत घरी येतो आणि सगळे लगेच मिठ्या मारतात, असं होत नाही. मी घरी गेलो की आई बोलतच नाही. मी समोर बसलो की रडते. दीपक माझ्या आरपार बघतो. मी काय केलंय तेच सांगत नाहीत.

आबासाहेब चपला घालून निघून गेले. चहाही घेतला नाही.

त्यानं मला विचारलं, तुझं मत? मी म्हटलं, छान होता. तो माझ्याकडे बघत राहिला.

४ मे, रविवार

आबासाहेब आलेच नाहीत.

सिनेमा लावला नाही, प्रोजेक्टर चालेना. आम्ही तिघं पांढऱ्या पडद्यासमोर बसलो. त्याचे ओठ फुटलेत. पाणी मागतो, ग्लास हातात धरतो, पाणी उतरत नाही. बाई, तहान का जात नाही हो, असं त्यानं शाळेतल्या पोरासारखं विचारलं.

मी बाईंचा हात दाबला. त्यांनी सोडवून घेतला.

“बाळा, तू गेलास रे. दोन आठवडे झाले, लग्नाहून येताना. ऊन लागलं तुला.”

 मग त्यानं मान हलवली, अवघड गणित सुटल्यासारखी.

“मग बाई, जायचं कुठं?”

मला माहीत नाही, पण कोपऱ्यापर्यंत येते, बाई म्हणाल्या. मी आडवी आले. दार धरलं. बाईंनी माझ्या गालाला हात लावला आणि बाजूला केलं, इतक्या सहज. छत्री घेतली नाही. चपला घातल्या नाहीत. दोघं उन्हात उतरली. मी ओरडत मागे धावले. वळणावर कुणीच नव्हतं.

५ मे, सोमवार

बाई सापडल्या. विजापूर रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाला टेकून. डॉक्टर म्हणाले ऊन. म्हातारं माणूस, अनवाणी, असं भर दुपारी कशाला निघाल्या. सगळ्यांनी मला विचारलं. 

तळपायाला फोड आले होते. मी पाहिले.

७ मे, बुधवार

मुलगा येऊन सगळं करून गेला. खालच्या घराला कुलूप. खोली महिनाअखेर सोडा म्हणाला. सभ्य माणूस आहे.

आबासाहेबांना फोन केला. बाईंचं सांगितलं. मग म्हणाले, गाव सोडा. आन् कुणी काय इचारलं तर उत्तर देऊ नगा.

११ मे, रविवार

दुपार. खाली कुलूप आहे. मी स्वतः ओढून पाहिलं.

खाली सिनेमा चालू आहे.

तोफा. माणसं ओरडताहेत. प्रोजेक्टर बिघडलाय, वीज तोडलीय, तरी—

थांबला. आता मतं सांगताहेत. यशपालचा आवाज. मग बाईंचा. बाई हसल्या. फरशी तापलीय, पाय ठेववत नाही, मी कॉटवर बसून लिहितेय—

बाई जिन्याखालून हाक मारताहेत. प्रिया, खाली ये गं, तुझं मत राहिलं.

गेले नाही. उशी कानांवर. संध्याकाळपर्यंत हाका.

१३ मे, मंगळवार

रविवारचं आता काही राहिलं नाही. ऑफिसात, भर दुपारी, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बाई. तेच लुगडं. ओठ फुटलेले. मागच्या माणसानं त्यांच्यातूनच फॉर्म पुढे केला.

मुलगा फोन उचलत नाही म्हणाल्या. घराला कुलूप का लावलंय. कॉलनीत कुणी नमस्कार करत नाही. पाय का दुखताहेत.

त्यांना माहीत नाही. त्यांनी त्याला सांगितलं आणि त्यांना स्वतःचं—

मी मान खाली घालून शिक्के मारत राहिले. राजीनामा टाकला. उद्या दुपारची गाडी, पुण्यापर्यंत. तिथून घर.

१४ मे, बुधवार. गाडीत

मोहोळ गेलं. डबा भरलेला आहे, लोक आहेत, लिहीत बसले की बरं वाटतं. समोरच्या बाकावर दोन जागा रिकाम्या. बसायला येतात आणि चटका बसल्यासारखे उठतात. एक बाई म्हणाली, लोखंड तापलंय.

लोखंड नाही.

यशपाल खिडकीशी. बाई त्याच्या शेजारी. मला बघून त्याला आनंद झालाय. म्हणाला, ही माझीच गाडी. कुर्डुवाडीपर्यंत कितीदा गेलो आणि आलो, वाट काही सापडली नाही. बाईंनाही माहीत नाही.

मी उत्तर दिलं नाही.

माढ्याच्या पुढे गाडी थांबलीय. दोन्हीकडे नुसतं रान. पंखे बंद.

बाई पाय वर घेऊन बसल्यात. फोड फुटलेत. पदरानं वारा घालताहेत, स्वतःला नाही, मला. घाम आलाय गं तुला, म्हणतात. यशपाल पुढे वाकून हळूच म्हणाला, त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू सांग. तू तोंड बघून बोलत नाहीस.

नाही. आई पुण्याला न्यायला येणार आहे. मी उत्तर देणार नाही.

बाई विचारताहेत. प्रिया, मला काय झालंय? खरं सांग बाळ. तहान जात नाही.

माझी बाटली त्यांना दिली. दोन्ही हातांनी धरली. पाणी उतरत नाही. त्या प्यायचा प्रयत्न करताहेत आणि पाणी उतरत नाही, आणि माझ्याकडे बघताहेत, अशाच राहतील का, या उन्हात, अनवाणी, दर दुपारी—

मी सांगितलं.

मोठ्यानं. डब्यातले लोक वळून बघताहेत. बाई, तुम्ही त्या रविवारी गेलात.

बाईंनी बाटली खाली ठेवली. रडल्या नाहीत. माझ्या केसांवरून हात फिरवला, केसांचा करपल्याचा वास—

यशपालनं दार उघडलंय. स्टेशन नाही. पांढरं नुसतं. तो खाली उतरून हात देतोय. बाई उठल्या. मला विचारताहेत, मग आता

मी उठते आहे. मी उठत नाहीये, माझे पाय—

आई, मी पुण्याला