सर्वानुमते मंजूर

मुलुंड,
१० फेब्रुवारी १९८८

प्रिय आई,

दरवेळी तुला 'तीर्थरूप' लिहिते. आज 'प्रिय' लिहिलंय, कारण आज तुझ्याशी भांडायचंही आहे. हे पत्र शेवंतीमावशी तुझ्या हातात देईल. पोस्टाने पाठवलं असतं तर आधी बाबांनी वाचलं असतं आणि तुला नुसता सारांश मिळाला असता. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुझी चौथी झालेली आहे, तेव्हा वाचता येत नाही असलं सोंग माझ्यापुढे करू नकोस.

मी इथे उत्तराच्या घरी बरी आहे. तिची आई आमटीत गूळ घालते, तेवढं सोडलं तर कसलाच त्रास नाही. तुझ्या कुळथाच्या पिठीची फार आठवण येते. घर सोडून उद्या तीन आठवडे होतील. पोरगी अभ्यासासाठी मैत्रिणीकडे राहिली आहे, असं बाबांनी भांडुपभर सांगितलंय म्हणे. खरं काय ते तुला माहीत आहे. माझा एम.ए.चा लघुप्रबंध वाचून, त्यातलं चौथं प्रकरण काढून टाक, नाहीतर ह्या घराची पायरी चढू नको, असं ते म्हणाले. तू तेव्हा तांदूळ निवडत बसली होतीस. तू मानसुद्धा वर केली नाहीस. त्याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

त्या प्रकरणात काय आहे ते तुला कुणी सांगितलंच नसेल, म्हणून मी सांगते. आमच्या लोकप्रशासनाच्या अभ्यासात यंदा स्वयंसेवी संस्थांच्या कारभारावर एक पेपर आहे, आणि प्रत्येकाने एका संस्थेचा अभ्यास करून लिहायचं असतं. मी आपलं टेकडीवरचं महिला मंडळ घेतलं. प्रेमाने घेतलं गं. बारा बायकांनी विटा वाहून बालवाडीची खोली बांधली, ही गोष्ट मला वर्गात मिरवायची होती. मंडळाचे अध्यक्ष म्हणून बाबा तर हरखलेच. "माझा चेडू मंडळावर पुस्तक लिवता," असं नाक्यावर सांगत सुटले आणि मंडळाच्या कपाटाची किल्ली त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली.

आमचे पाध्ये सर एकदा म्हणाले होते, संस्था जिवंत आहे का ते बघायचं तर सभेचं इतिवृत्त वाचा, आणि ज्या सभेत कोणीच भांडलं नाही ती सभा झालेलीच नाही असं समजा. वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण अकरा वर्षांची इतिवृत्तं माझ्याच अक्षरात आहेत. आठवतं ना? जेवणं झाली की बाबा सांगायचे आणि मी लिहायचे. दुपारी दोन वाजता मी लिहीत असे, 'सभा सायंकाळी पाच वाजता सुरू झाली.' मग 'साधकबाधक चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.' शाई वाळली की वही घेऊन मी घरोघरी फिरायचे. शेवंतीमावशीचा अंगठा नळावर, जानकीकाकूची सही पापड लाटताना. तू पदराला हात पुसून चुलीपाशीच सही करायचीस. अकरा वर्षं तू उपाध्यक्ष आहेस, आई, आणि किती सभांना बसलीस ते मीच सांगते. एकाही नाही. सभा झालीच नाही तर बसणार कुठे?

कपाटात सगळ्यात खाली एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. पहिलं पान १९७२ चं. अक्षर तुझं. मी पार विसरून गेले होते की मंडळाची पहिली पाच वर्षं तू लिहिली आहेस. मी ती वही बालवाडीच्या सतरंजीवर बसून एका बैठकीत वाचली. 'शेवंती बोलली खोली पुर्वेला तोंड करून पाहिजे. जानकी बोलली मग पाणी आत येईल. दोघी भांडल्या. मी बोलली वाकून बघूया पाणी कुठून येतं. सगळ्या बघायला गेलो. ठरलं नाही. मंगळवारी परत.' आई, दोन वर्षं घोकून मी जे शिकले ते ह्या सहा ओळींत आहे. कोण बोललं, कोण विरुद्ध गेलं, कोण उठून बघायला गेलं, काय ठरलं नाही. पाध्ये सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचलं आणि विचारलं, ह्या बाई कोण? मी म्हटलं, माझी आई.

त्या वहीचं शेवटचं पान मात्र मी सरांना दाखवलं नाही. त्यावर लाल पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या आहेत. त्या मीच काढल्या आहेत, वय वर्षं तेरा, शुद्धलेखनात वर्गात पहिली. बाबा पोट धरून हसले होते आणि म्हणाले होते, आता शुभा लिहील, तू भाकऱ्या बघ. तू पण हसलीस. त्या पानानंतर तुझं अक्षर कुठेच नाही. तू तांदळातून मान वर का केली नाहीस असं तुला विचारायला निघाले होते मी, पण वही तुझ्या हातातून काढून घेणारी मीच होते. मला माफ कर, असं इथे सरळ लिहिते. समोर आले असते तर जमलं नसतं.

म्हणून ते प्रकरण मी काढणार नाही. त्यात बाबांचं नाव आहे तसं माझंही आहे: 'ही खोटी इतिवृत्तं लिहिणारी मुलगी म्हणजे प्रस्तुत अभ्यासक.' घरची भानगड परीक्षेत कशाला, नापास व्हाल, असं मला कॉलेजातही सांगून झालं. केलं तर करू देत. बाबांना मी वाईट ठरवलेलं नाही, हेही वाच. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्याकडे अध्यक्षपदाची ती एक खुर्चीच उरली, हे मला कळतं. पण ती खुर्ची बालवाडीच्या छोट्या पाटांवर मांडलेली आहे, हे त्यांनाही कळायला हवं.

आता खरी बातमी. आपली खोली वॉर्डातल्या त्या पुढाऱ्याच्या कचेरीला द्यायची, असा शब्द बाबांनी दिला आहे. पोरं देवळाच्या ओट्यावर बसतील म्हणे. माझ्या जागी आता काशीरामकाका लिहितात. येत्या अठ्ठावीस तारखेच्या, अजून न झालेल्या सभेचं इतिवृत्त त्यांनी गेल्या आठवड्यात सोमवारीच लिहिलं आणि शेवंतीमावशीकडे अंगठा घ्यायला गेले. मावशी म्हणाली, आधी वाचून दाखव. वाचल्यावर तिने हात पदराखाली घेतला. "माका लिवक येना नाय, पण मी काय बोललंय ता माका म्हायती आसा," असं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून माझ्याकडे मुलुंडला आली. मंडळाच्या घटनेप्रमाणे सात सभासदांनी मागितली तर खास सभा घ्यावीच लागते. सात झाले. सातवी मी. गणसंख्या भरावी म्हणून बाबांनीच मला अठराव्या वर्षी सभासद करून ठेवलंय.

सभा एकवीस तारखेला, रविवारी, दुपारी चार वाजता, बालवाडीच्या खोलीत. बाबा येणार नाहीत. माझ्याशिवाय सभा कशी होते तेच बघतो, असं ते सगळ्यांना सांगताहेत. त्यांना सांगायची गरज नाही, पण कलम अकरा त्यांनीच मला सांगून लिहून घेतलं होतं: अध्यक्ष गैरहजर असल्यास सभा उपाध्यक्षांनी चालवावी. उपाध्यक्ष तू आहेस. हे पत्र त्यासाठी. तू यावंस, खुर्चीवर बसावंस, आणि मावशी-काकूंची भांडणं होऊ द्यावीस. तुला बाबांच्या बाजूने बोलायचं असेल तर खुशाल बोल, पण सगळ्यांसमोर बोल. इतिवृत्त मी लिहिणार नाही. निळ्या पुठ्ठ्याची नवी वही मी आणली आहे, ती खुर्चीवर तुझी वाट बघत असेल, आणि लाल पेन्सिल मी आणणार नाही. वही कोरी आहे, आई. त्या सभेत काय ठरलं, ते ह्या खेपेला मला आधी माहीत नाही.

सभासद क्रमांक एकोणचाळीस, आणि तुझीच,
शुभा