मुर्रीच्या प्रार्थनाघराची जागा

मी, जागेश्वर मनिराम नागपुरे, वय बहात्तर, निवृत्त पाळक, राहणार मुर्री, ता. जि. गोंदिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही मुलाला दिले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर पत्नी सुलोचना हिला द्यावे. तिच्या पश्चात मुलगा नंदलाल आणि मुलगी हर्षा यांना समान हिस्सा मिळावा. हर्षाच्या लग्नाचा खर्च तिच्या हिश्शातून कोणी वजा करू नये.

२. प्रार्थनाघराची जागा सातबाऱ्यावर माझ्या नावाने आहे, पण ती माझी नाही. मंडळीने, म्हणजे इथल्या ख्रिस्ती भाविकांनी, वर्गणी करून ती विकत घेतली. तेव्हा ट्रस्ट नव्हता, म्हणून माझे नाव लागले. पुढे ट्रस्ट झाला, तरी मी नाव बदलले नाही. दवनीवाड्याचे उदाराम तेव्हा मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे पंच, होते. त्यांनी भरसभेत विचारले, "पास्टरजी, जागा ट्रस्टच्या नावानं काऊन करत नाई? तुमी पाळक आहा का मालक होऊन राहिले?"

मी त्यांचे वडीलपद काढले आणि त्यांना प्रार्थनाघरात यायला बंदी केली. ती बंदी सहा वर्षे चालली. येशूने शिष्यांचे पाय धुतले, हा भाग मी त्या सहा वर्षांतही दरवर्षी शिकवला.

मग वादळात छप्पर उडाले. दुसऱ्या दिवशी उदाराम न बोलावता बांबू घेऊन आले. तीन दिवस ते वर चढून काम करीत होते. पाणी प्यायलाही आत आले नाहीत. जेवण बाहेर, चिंचेखाली. तिसऱ्या दिवशी मी माझे ताट घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

म्हटले, "उदारामजी, आत काऊन येत नाई?"

ते म्हणाले, "तुमीच त नाई म्हटलं होतं. छपराचं काई म्हटलं नव्हतं."

त्या रविवारी मी मंडळीसमोर त्यांची क्षमा मागितली. त्यांनी "झालं, बसा आता" एवढेच म्हटले. त्या दिवसापासून मला शांत झोप लागते.

म्हणून ही जागा, इमारतीसह, मंडळीच्या नोंदणीकृत ट्रस्टला देत आहे. माझ्या वारसांचा तिच्यावर हक्क नाही.

३. मंचावरची माझी सागवानी खुर्ची मंडळीतल्या पार्वताबाईंना द्यावी. दुखरे पाय घेऊन त्या अकरा वर्षे त्याच खुर्चीसमोर सतरंजीवर बसल्या आणि मी वरून त्यांना सहनशीलतेवर उपदेश केला.

४. माझे बायबल आणि भजनाची पेटी नंदलालला द्यावी. पाळकपद ही मालमत्ता नाही, म्हणून ते या यादीत नाही. पाळक मंडळीने निवडावा. निवडण्यापूर्वी त्याला वर्षभर सतरंज्या झाडायला आणि आजाऱ्यांच्या घरी पाणी भरायला लावावे. कुरकुर केली तर दुसरा पाहावा.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उदाराम यांनी करावी. मला जाब विचारणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला.

सहीपूर्वी हा मजकूर मी नंदलालला वाचून दाखवला. तो उठून गेला आणि दोन दिवस बोलला नाही. आज सकाळी येऊन म्हणाला, "बाबा, वर्षभर झाडू मारला त मीबी नाव देऊ शकतो ना?"

म्हटले, "देऊ शकतोस. पण लोकायनं दुसऱ्याले निवडलं त?"

तो म्हणाला, "त पेटी वाजवीन."

मी समाधानाने सही करीत आहे.

ठिकाण : मुर्री
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४
(सही) जागेश्वर मनिराम नागपुरे

जागेश्वरजींनी आम्हा दोघांसमक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्यासमक्ष केली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार :
१. (सही) रत्नपाल गणवीर, शिक्षक, शेजारी, मुर्री
२. (सही) प्रेरणा बिसेन, परिचारिका, फुलचूर