सुटलेली गोळी

नाशिक रोड,
५ डिसेंबर २०२४

चि. धनराज यास,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, पण धाकट्या भावाला दुसरं काय लिहितात ते मला ठाऊक नाही. तुझे फोन मी उचलत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की शिसारी येते. कागदावर निदान शब्द निवडता येतात.

तुझ्या दाजींना काल दवाखान्यातून घरी आणलं. डावा हात उचलला जात नाही, तोंड वाकडं झालंय, चहा हनुवटीवरून ओघळतो. प्रेसमध्ये तीस वर्षं नोटांवरचा बारीकसा डाग हेरणारा माणूस, त्याला आता शर्टाचं बटण लावता येत नाही.

हे झालं कसं, ते हर्षालीने उलगडून सांगितलं. पोटची लेक नर्स, पण तुझ्या त्या काढ्याच्या शिबिराचं तिला कुणी विचारलं नाही. हे बसमधून उतरून हायवेपासून तुझ्या द्राक्षांच्या पॅकहाउसपर्यंत चालत आले, जिना चढले, आणि त्या कोटवाल्या वैद्याने लगेच स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळला. हे तुझ्याशी द्राक्षांबद्दल बोलत होते, लघवीलाही लागली होती. रक्तदाब भरला एकशे अठ्ठ्याहत्तर. मग काढा पाजला, लघवीला जाऊ दिलं, वीस मिनिटं गप्प बसवलं, स्वेटर काढून पुन्हा मोजलं, तर एकशे अडतीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हर्षाली म्हणते, चालण्याने, बोलण्याने, लघवी तुंबल्याने दाब चढतो आणि शांत बसलं की उतरतो. नुसतं पाणी पाजलं असतं तरी उतरला असता.

त्या दिवसापासून ह्यांनी रक्तदाबाची गोळी गुपचूप बंद केली. दाब आतल्या आत चढत गेला, साधं डोकंसुद्धा दुखलं नाही. अठराव्या दिवशी थंडीत, सकाळी मोरीत कोसळले.

एकच विचारते. तू माइकवर सांगितलंस, “काढ्याने माझी गोळी सुटली.” खरंच सुटली होती का?

अंजली


पिंपळगाव बसवंत,
१० डिसेंबर

ती. ताईस धनराजचा शि. सा. नमस्कार.

नव्हती सुटली. शिबिराच्या सकाळीही घेऊनच आलो होतो.

गावच्या शेतकरी सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. शिबिर भरवलं की माणसं आपोआप जमतात. वैद्य म्हणाला, तुम्ही दोन वाक्यं बोला, लोकांना धीर येतो. मला वाटलं, काढा पिऊन कुणाचं काय बिघडणार. दाजींनीही डॉक्टरला विचारायला हवं होतं. शुश्रूषेला एक बाई पाठवतो, हंगामाची पहिली पेटीही पाठवतो. मनात राग धरू नये.

तुझा धनराज


नाशिक रोड,
१५ डिसेंबर

धनराज,

पत्र वाचलं आणि उठून हात धुतले.

दाजींनी विचारायला हवं होतं, हे लिहिताना तुझं पेन अडलं नाही? त्यांनी विचारलं नाही, कारण मेहुण्यावर विश्वास ठेवला. बाई नको, आणि तुझी द्राक्षं तर माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या बायकाही त्या दिवशी रांगेत होत्या, असं हे अडखळत सांगतात. त्यांतल्या कितीजणींनी गोळ्या टाकल्या, ते शोध. जिथे खोटं बोललास तिथेच उभा राहून खरं बोल. तोवर लिहू नकोस.

अंजली


पिंपळगाव बसवंत,
२८ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

बोललो. पॅकहाउस सुरू झालं त्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, की गोळी मी कधीच सोडली नव्हती. कुणी ओरडलं नाही. कुसाबाई, बारा वर्षं आमच्याकडे घड निवडणारी, शांतपणे उठली. म्हणाली, “शेठ, तुमची गोळी चालूच हाय, मंग आमची का सोडवली?” बाकीच्या माझ्याकडे न बघता कात्र्या पुसत राहिल्या.

सातजणींनी गोळ्या सोडल्या होत्या. त्यांना टेम्पोतून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे पाच मिनिटं गप्प बसवून, बाही वर करून मोजलं, तरी कुसाबाईचा दाब एकशे नव्वद. सगळ्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. वैद्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, त्यात मी काय बोललो तेही लिहून दिलं. निवडणुकीचा अर्ज मागे घेतला. रोज सकाळी गोळी तोंडात टाकताना स्वतःचीच किळस येते.

दाजींना भेटायला येऊ का?

धनराज


नाशिक रोड,
३ जानेवारी २०२५

चि. धनराज,

त्या बायकांना वेळेत नेलंस, बरं केलंस. त्याहून जास्त लिहिणार नाही. शिसारी अजून गेलेली नाही आणि ती जावी अशी घाईही मला नाही.

ह्यांचा दाब ताब्यात आहे. बोटं जराशी हलू लागलीत. रोज विचारतात, धनराज का येत नाही. तू माइकवर खोटं बोललास, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस, समोर बसून. ऐकून ते काय म्हणतील, मला ठाऊक नाही. मी तेव्हा खोलीत थांबणार नाही.

रविवारी ये. घरूनच जेवून ये. लोभाचं त्यानंतर पाहू.

तुझी ताई,
अंजली