विहिरीपासून दोनशे बारा मीटर

मंगळवार, दुपार

प्रिय कमर,

सलाम आणि नमस्कार दोन्ही घे. चाळीस वर्षांत आपलं एकावर कधी भागलेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना उलट्या पावली उतरायचा असं मी सांगितलं होतं. तू ते करत नसणार, कारण जुन्या जालन्यातल्या तुमच्या जिन्यावर सुलट्या पावलीसुद्धा एकच माणूस मावतो. गयासोद्दीनभाईंना माझा आदाब सांग. त्यांची साखर उतरली असेल तर उत्तम, उतरली नसेल तर दुकानात शेजारच्यांनी पाठवलेली जिलबी कोण संपवतं याची चौकशी कर. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. सोमेश्वर माझ्याशी नऊ दिवस बोललेले नाहीत, एवढं सोडलं तर प्रकृतीची तक्रार नाही.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळावी असं वाटतं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात ती पोचली आहे, म्हणजे जालन्याला पोचायला आता फक्त एखादी एस.टी. पुरेल. फोनवर सांगायला तोंड होत नाही. कागदाला निदान समोरच्याचं हसू ऐकू येत नाही.

तुला आठवत असेल, दिवाळीनंतर तुझी लेक अंबरीन आमच्या गावी कायदेविषयक शिबिरात वकील म्हणून बोलायला आली होती. फलकावर 'शाश्वत विकास आणि कायदा' असं लिहिलं होतं आणि खाली बसलेल्या बायकांना वाटलं होतं की गॅसची शेगडी मिळणार आहे. पोरगी फार छान बोलली. पुस्तकी शब्द बाजूला ठेवून म्हणाली, आपली तहान भागवताना उद्याच्या माणसाचा हंडा पालथा करायचा नाही, याला शाश्वत विकास म्हणतात, आणि हे लोक आपणहून करत नाहीत म्हणून कायदा लागतो. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून बोअर घेता येत नाही, हेही तिनेच सांगितलं. मग कुणी तरी विचारलं, वकील नेमकं करतात काय? तेव्हा ती म्हणाली, वकिलाचं अर्धं काम अर्ज लिहिण्याचं आणि अर्धं काम अर्ज लिहायला नकार देण्याचं. सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. (हे लक्षात ठेव, पुढे लागेल.)

अंबरीन गेली आणि मी कामाला लागले. तू मला ओळखतेस. कायद्याची पदवी घेऊन मी सनद घेतली नाही, तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर हाताखाली वर्ग नाही म्हणून मला झोप लागेना. शिबिराची स्वयंसेविका म्हणून माझं नाव लागलं होतंच. दर गुरुवारी मारुतीच्या पारावर बायकांचा वर्ग सुरू केला. उशिरा येणारीला उभं केलं. (तुळजाबाई सत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना खांबाला टेकून उभं राहायची सवलत दिली.) माझा पहिला नियम, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. 'विहिरीचं पाणी लई खाली गेलं' हे रडगाणं झालं, 'गेल्या वर्षीपेक्षा दोर नऊ हात जास्त सोडावा लागतो' ही तक्रार झाली. दुसरा नियम, तक्रार लेखी करायची. तिसरा, उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यायचं. हे तीन नियम मी त्यांच्याकडून पाढ्यांसारखे म्हणून घेतले आणि मग गृहपाठ दिला, की विहिरीपासून चारी दिशांना पाचशे मीटर मोजा आणि काय सापडतं ते लिहून आणा. शाळेतून लांब उडीची पन्नास मीटरची टेप मीच आणून दिली.

पुढच्या गुरुवारी द्वारकाबाई आणि तिची सून मीना अर्ज लिहून घेऊन आल्या. मीना दहावी झालेली आहे, अक्षर कोंबडीचं असलं तरी मुद्दा सरळ. 'नम्र विनंती की विहिरीच्या उगवतीला दोनशे बारा मीटरवर एक बोअर हाय, तो मागच्या उन्हाळ्यात पाडला, तवापासून आमच्या विहिरीचं पाणी आटून राह्यलं, तरी कृपया बघावं.' मी विचारलं, मालकाचं नाव कुठे आहे? मीनाने सासूला कोपराने ढोसलं. शेवटी द्वारकाबाई म्हणाली, "मोठं घर हाय बाई. लिहवत न्हाई."

कमर, मला जो चेव आला म्हणतेस! कायद्यापुढे मोठं घर नसतं, यावर मी वीस मिनिटं बोलले. मग लाल पेन काढलं. 'नम्र विनंती' खोडून 'मागणी' केलं. 'कृपया' खोडलं. हक्क मागताना कृपा कसली? 'एक बोअर'च्या जागी 'बेकायदेशीर बोअर' घातलं. मग विचारलं, माणूस अडाणी आहे की शिकलेला? मीना जमिनीकडे बघत म्हणाली, "लई शिकलेलं घर हाय." मी खाली माझ्या हाताने वाक्य वाढवलं, 'सदर उल्लंघन सुशिक्षित व्यक्तीकडून झाले असल्याने ते अधिक गंभीर समजण्यात यावे व कोणतीही दयामाया दाखवू नये.' अर्जाला दहापैकी आठ गुण दिले, दोन अक्षराचे कापले. द्वारकाबाईने पदर तोंडात धरला होता. मला वाटलं, तिला खोकला आहे. मी तिला ज्येष्ठमध चघळायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जीप करून आम्ही अकरा जणी भोकरदनला तहसीलमध्ये गेलो. पुढे मी. बाबूंनी विचारलं, कुणाच्या विरुद्ध आहे? मी म्हटलं, जो कोणी निघेल त्याच्या, कायदा तोंड बघत नाही. ते वाक्य मला इतकं आवडलं की जीपमध्ये परत येताना मी ते आणखी दोनदा म्हटलं. बाकीच्या दहा जणी बाहेरची शेतं बघत होत्या.

आता तू म्हणशील, सत्यशीला, तुला खरंच कळलं नाही? मी स्वतःलाही रोज हेच विचारते आहे. आमची मोसंबीची बाग गावापासून लांब आहे, असं मी लग्न होऊन आल्यापासून समजत होते, कारण गाडीरस्ता नाल्याला वळसा घालून जातो आणि चालायला चांगली वीस मिनिटं लागतात. नाला ओलांडून सरळ कोणी जात नाही. पण टेप सरळ जाते. मागच्या उन्हाळ्यात बागेतली विहीर आटली, झाडं वाळायला लागली, तेव्हा पुतण्या कल्याण रस्त्यावरून बोअरचं मशीनच घेऊन आला. पाणी लागलं, मी स्वतः नारळ फोडला. तेव्हा मला पाचशे मीटरचा नियम माहीत नव्हता, हे खरं. शिबिरानंतर माहीत झाला, हेही खरं. आणि शिबिरानंतर साऱ्या गावाच्या हातात मी टेप दिली, पण स्वतः धरली नाही, हे सगळ्यात खरं.

पंचनाम्याचा दिवस ऐक. तलाठी, भूजल खात्याचा एक तरुण, आणि छत्री घेऊन मी. मागे बायका. विहिरीपासून माप धरत निघालो, नाल्यात उतरलो, पलीकडच्या दरडीवर चढलो. समोर झाडांच्या रांगा, लिंबाएवढी फळं धरलेली, बुंध्याशी ओल. आपली बाग मी आयुष्यात कधी मागच्या बाजूने पाहिलेली नव्हती, कमर. मी छत्री रोखून त्या तरुणाला म्हटलं, "बघा! गावाच्या हंड्यात पाणी नाही आणि इथे कशी हिरवीगार चैन चालली आहे! लाज कशी वाटत नाही म्हणते मी!"

तेवढ्यात एका झाडाआडून सोमेश्वर खोरं घेऊन बाहेर आले. मला पाहून त्यांना आनंद झाला. म्हणाले, "अगं, तू इकडून कशी आलीस? डबा आणलास का?"

पुढचं फार नाही. सातबारा माझ्याच नावावर आहे. (निवृत्तीच्या वेळी सोमेश्वरांनी कौतुकाने करून दिला होता.) पंचनाम्यावर मी दोनदा सही केली, एकदा स्वयंसेविका म्हणून आणि एकदा मालक म्हणून. तलाठ्याने विचारलं, बाई, दोन्ही सह्या सारख्याच करता का? बायकांपैकी कोणीही हसली नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. तुळजाबाईंनी मला झाडाच्या सावलीत बसवलं आणि पाणी दिलं. ते पाणी माझ्याच बोअरचं होतं. कधी नव्हे ते मी उभं राहायची शिक्षा मागून घेतली असती, पण तुळजाबाई उठू देईनात.

नंतर मी द्वारकाबाईला विचारलं, त्या दिवशीच का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "सांगाया आल्तोच की बाई. म्या म्हणलं, नाव न्हाई लिहिलं तर तुमी समजून घेसाल, मंग फाडून टाकसाल. तर तुमी लाल पेन काढलं."

फाडायची संधी त्या मला देत होत्या आणि मी त्यांना शुद्धलेखन शिकवत होते.

आता खुलासा द्यायची नोटीस आली आहे. बोअर सील होईल. झाडांचं काय व्हायचं ते होईल. कल्याण म्हणतो, काकू, माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, स्थगिती आणू, तारखा पडत राहतील, तोवर पाऊस येतो आणि बहार हाती लागतो. मी त्याला सांगितलं, कायदा पळवाटांसाठी शिकले नाही मी. सोमेश्वर ऐकत होते, तेव्हापासून त्यांनी बोलणं सोडलं आहे. ते उठून बागेत जातात आणि गळालेली फळं वेचून ओट्यावर ओळीने मांडून ठेवतात. मी केर काढते तेव्हा ती ओळ चुकवून काढते.

अंबरीनकडे मी शब्दही काढलेला नाही आणि काढणारही नाही. पोरीला या प्रकरणाने संकोच वाटू नये, एवढ्यासाठीच हे सगळं तुला मोकळेपणी लिहिलं. भाईंना आवडलं तर वाचून दाखव. त्यांना हसू येईल, आणि हसल्याने साखर वाढत नाही.

तुझी,
सत्यशीला

ता.क. वरचा मजकूर पुन्हा वाचला. अंबरीनविषयीचं वाक्य खरं नाही. मी तिला दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हटलं, एक सर्वसाधारण कायदेशीर प्रश्न आहे, एका ओळखीच्या बाईंचा. ती म्हणाली, "खाला, त्या बाईंची मोसंबी आहे का?" दुसऱ्यांदा सरळच विचारलं. म्हणाली, स्थगिती कदाचित मिळेल, पण मी अर्ज करणार नाही, शिबिरात त्या बायकांना मी काय सांगून आले होते? तर कमर, तू तिची आई आहेस आणि तुझं ती ऐकते. फार नको, फक्त मृगापर्यंत मुदत मागून दे म्हणावं. एकशे चाळीस झाडं आहेत. सोमेश्वरांनी त्यांतल्या कित्येकांना नावं दिली आहेत, आणि माणूस ओट्यावरची फळं मोजत बसला की मला बघवत नाही. कल्याण उद्या जालन्याला मोंढ्याच्या बाजारात येतो आहे, त्याच्या हाती उत्तर दे. आणि एक. नोटीस आल्यावरही आम्ही दोनदा मोटार चालवली. भर दुपारी, कारण लाइट तेव्हाच असते. हे अंबरीनला सांगू नकोस.

आणखी ता.क. (बुधवार, सकाळ) कल्याणचा ट्रॅक्टर बिघडला म्हणून पत्र इथेच राहिलं. आत्ता द्वारकाबाई आणि मीना येऊन गेल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. मीनाच्या हातात वही होती. द्वारकाबाई म्हणाली, "अर्ज देऊन पंधरा दिस उलटले बाई, सील तर न्हाई झालं. स्मरणपत्र तपासून द्या. तुमच्यावानी कुणाला जमत न्हाई." मी विचारलं, त्यात नवीन काय लिहिलं आहे? मीनाने वाचून दाखवलं. गेल्या शनिवारी दुपारी एक ते तीन आणि सोमवारी बारा ते दोन मोटार चालली, दोन्ही वेळा विहिरीचं पाणी दोन हात बसलं, बायका दोर सोडून कट्ट्यावर बसून राहिल्या. तारीख, वार, वेळ, सगळं नोंदलेलं. "मोजल्याबिगर बोलू नका म्हणल्त्या ना तुमी," ती म्हणाली. टोमणा नव्हता, तेच सहन होत नाही. गृहपाठ दाखवत होती.

मी लाल पेन घेतलं. एका जागी वेळ चुकली होती, सोमवारी मोटार अडीचपर्यंत चालली होती. ते मलाच ठाऊक होतं, म्हणून मी दुरुस्त केलं. खाली स्वयंसेविका म्हणून सही केली आणि दहापैकी दहा दिले. अक्षर सुधारलेलं नाही.

अंबरीनला काही म्हणू नकोस. वरचा ता.क. खोडणार होते, पण तसाच ठेवला. तूही मला मागच्या बाजूने पाहिलेलं बरं.

स्मरणपत्रात मीनाने 'कृपया' परत घातलं होतं. ते मी खोडलं नाही.