बाबांच्या तक्तपोश्या

पामर्स लँडिंग,
ता. २ जून १९८६

चि. आयान्था हिला व्हर्डेलताईचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं, आत मासिकातून कापलेलं पानही मिळालं. जन्म इथे काढलेल्या बाईला आपल्याच गावाची माहिती डेट्रॉइटहून पाठवतेस, धन्य आहे तुझी! घोडागाडीतून फेरी, होडीतून फेरी, जुन्या घरांची फेरी, आणि ऑक्टोबरात चार दिवस बाबांना घेऊन मुक्काम कुठे, तर टिलमनबाईंच्या हवेलीत. अगं, सख्ख्या बहिणीचं घर दोन गल्ल्यांवर असताना परक्याच्या गादीवर झोपायचं, हे तिकडे उत्तरेत शिकवतात का?

पाहुणे आत्ताच बसा भरभरून येताहेत. खांबांचे फोटो काढतात, जिन्यांचे काढतात. मान वर करून बाबांनी रंगवलेली ओसरीची तक्तपोशी कुणी बघत नाही. मी बघते. कारखान्यात खेकडे सोलून हात भरलेले, पाठ मोडलेली, तरी घरी येताना टिलमनबाईंच्या फाटकाशी थांबते. बाबांचा निळा तो निळाच. उन्हाच्या वेळी खाली बसलेल्या माणसाचं तोंडसुद्धा निळसर दिसतं. भूत त्याला पाणी समजून मागे फिरतं म्हणतात. भुताचं मला ठाऊक नाही, पण माझा पाय अडतो एवढं खरं.

बाबांना म्हणावं, भेंडी चांगली लागलीय, कोलंबी घालून करीन. बाकी ठीक. लोभ आहेच, तो वाढव असं मी काय सांगायचं? पत्र वेळेवर टाक म्हणजे झालं.

तुझी,
व्हर्डेलताई


डेट्रॉइट,
ता. १२ जून १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. हवेलीचं खूळ माझं नाही, बाबांचं आहे. टिलमनबाईंची ओसरी त्यांनी तीनदा रंगवली, पण सगळी शिडीवरून. तिथल्या खुर्चीत त्यांना कधी कुणी बसवलं नाही. एकदा तिथे आरामात बसायचं आणि आपलं काम खालून बघायचं, एवढंच ते म्हणतात. घोडागाडी मात्र माझी हौस.

त्यांची तब्येत बरी आहे. डोळे जरा अधू झालेत, वयच आहे. इथल्या घरांना ओसरीच नाही म्हणून चार वर्षं रोज कुरकुर करतात. शेजारच्या माणसाने दाराला रंग लावला, तर खिडकीतूनच त्याला सुनावलं की कुंचा ओढतोयस की अंगण झाडतोयस.

नेहमीप्रमाणे पत्राखाली त्यांनी त्यांची निळ्या खडूची रेघ मारली आहे. माया असू दे.

तुझी धाकटी,
आयान्था


पामर्स लँडिंग,
ता. १८ जून १९८६

चि. आयान्था, आशीर्वाद.

मी चार इयत्ता शिकले, पण रेघ मला वाचता येते. बाबांना लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक पत्राखाली ते रेघ मारतात. दोरी न लावता पट्टीसारखी सरळ. या वेळची रेघ तुझ्या नावावरून चढून कागदाच्या बाहेर गेलीय. आणि तू मला सांगतेस, डोळे जरा अधू! किती अधू, ते आता नीट लिही. गोड बोलण्याला फसायला मी काही बसमधली पाहुणी नाही.

रविवारी चर्चमधून येताना सगळं गाव हिंडून आले. बावीस ओसऱ्यांपैकी सात उरल्यात त्यांच्या हातच्या. बाकीच्यांनी डब्यातला रंग फासलाय. लांबून तोच वाटतो. जवळ जाऊन बघितलं की कळतं, त्याला खोली नाही.

लगेच उत्तर पाठव. बाकीचं उत्तरानंतर.

व्हर्डेल


डेट्रॉइट,
ता. २५ जून १९८६

ती. ताईस नमस्कार.

तू म्हणतेस तेच. काचबिंदू. ईस्टरपासून काहीच दिसत नाही, उजेडसुद्धा नाही. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. मी म्हटलं, ताई रडेल म्हणून का? तर म्हणाले, ती कुठली रडते, ती ओरडते.

ऑक्टोबर मी धरला तो माझ्या रजेमुळे. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या आम्हां बायकांना कारखाना त्याआधी सोडत नाही. आता तर ते ऑक्टोबरातही नको म्हणतात. आंधळ्याला छत दाखवायला एवढ्या लांब कशाला नेता, असं म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलेत. जेवतातही चिमणीएवढं. ताई, मला भीती वाटते. ते गेले नाहीत तर इथेच, त्या भिंतीकडे बघत संपतील.

काय करू, सांग.

आयान्था


पामर्स लँडिंग,
ता. १ जुलै १९८६

चि. आयान्था, आशीर्वाद.

पुढचं त्यांना मोठ्याने वाचून दाखव. बाबा, डोळे गेले, पाय आहेत ना? सातच ओसऱ्या उरल्यात आणि आठवी होईल की नाही, देवाला माहीत. माझ्याच्याने शिडी, घर आणि कारखाना तिन्ही होत नाही, आणि तुम्हांला कुणी उचलून आणणार नाही. या महिन्यात या. नाही आलात, तर मी येईन आणि तुमच्या त्या भिंतीला लाल रंग देईन.

वाचलंस? आता तुला. तुमच्या चर्चमधले मिस्टर पिंकनी पंधरवड्यात बसने इकडे येताहेत म्हणे. बाबांना त्यांच्याबरोबर बसव. तुझा ऑक्टोबर तुझ्याजवळ राहू दे.

व्हर्डेलताई


पामर्स लँडिंग,
ता. २७ जुलै १९८६

चि. आयान्था हिला आशीर्वाद, आणि बाबांचेही.

पोचल्याचं कळवलं होतं, आता बाकीचं. पहिले दोन दिवस बाबा इथेही भिंतीकडेच तोंड करून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना इस्त्रीचा सदरा घातला आणि सरळ टिलमनबाईंच्या पुढच्या दाराने नेलं. बाईंना मी आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी खुर्ची स्वतः पुढे केली, थंड चहा आणला. बाबा बसले. चहाला हात लावला नाही. मला वाटलं, आणलं तेच चुकलं. मग त्यांनी बोट वर केलं आणि ऐक म्हणाले. मी म्हटलं, काही नाही ऐकायला. तर म्हणाले, तेच तर. तीस वर्षांत एका गांधीलमाशीने इथे घर केलं नाही. हा माझा चुना आहे.

मग मला घरोघर हिंडवलं, त्या उन्हात! न्यायाधीशांच्या पायरीवर पाऊल ठेवलं, वर गुणगुण ऐकली आणि जागच्या जागी वळले. डब्यातला रंग, म्हणाले, इथे मी बसत नाही. आयान्था, मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सातच्या सात ओसऱ्या ओळखल्या. एकही चुकली नाही. माझा बाप आहे म्हणून सांगत नाही, असा कारागीर या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. मी कारखान्यात सगळ्या बायकांना हे सांगितलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना पुन्हा सांगितलं.

घरी परत आलो, तर आपल्याच पायरीवर थबकले. वर गांधीलमाश्यांची नुसती सभा भरलेली. हे कुठल्या आळशाचं घर, असं त्यांनी विचारलं. मी इतकी हसले की पायरीवरच बसले. म्हटलं, हेझेकाया ग्रेसन नावाच्या रंगाऱ्याचं. जन्मभर गावाच्या तक्तपोश्या रंगवल्या, आई जाईपर्यंत तीस वर्षं मागे लागली, तरी आपली राहिलीच. ते हसले नाहीत. टोपी काढून उभे राहिले. आईची माफी मागितली असावी. 

दुसऱ्या दिवशी धूर करून माश्या घालवल्या. चुना, ताक, नीळ. बाबा मिश्रण दोन बोटांत चोळून सांगत, अजून ताक, अजून ताक. मी शिडीवर, ते खाली खुर्चीत. कुंचा कोरडा पडला की माझ्याआधी त्यांना आवाजावरून कळतं, आणि मग सगळ्या गल्लीला कळतं. मी ओरडते म्हणतात ना? ऐकावं कुणीतरी यांना. जेवण मात्र दुप्पट झालंय. भेंडी संपली.

अर्धी ओसरी झाली, अर्धी राहिलीय. बाबा आता परत यायचे नाहीत, त्यांचे गरम कपडे कुणाला तरी देऊन टाक. ऑक्टोबरात तू ये. ते मासिकाचं पान आणू नकोस, उशी आण. ओसरीवर उताणी पड आणि कसं दिसतं ते बाबांना सांग. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही, मी घाईची बाई.

इथेच थांबते, रंग घट्ट होतोय. माया ठेव, तशी तू ठेवतेसच. खाली बाबांनी रंगात बोट बुडवून रेघ ओढली आहे. वाकडी आहे. पण वाळली की बघ, नेमका तोच निळा.

तुझी,
व्हर्डेलताई